माइकाची पत्रिका

मुलामुलींचे विवाह ठरवितांना पत्रिका पाहून गुण किती उतरले हें मोजण्याची चाल आपल्या घरांतून अद्यापि सर्वस्वीं लोपलेली नाहीं. त्या कोष्टकावर कोणाचा किती विश्वास आहे, हा प्रश्न येथें नाहीं. परंतु छत्तीसांपैकीं आठ गुण ज्या नाडीच्या वांट्यास येतात, तिच्याविषयींचा नियम मात्र विचार करण्याजोगा आहे. वधूवरांची नाडी एकच निघाली तर तो गुण नव्हे, दोष होय. जुळणें म्हणजे सारखें असणें नव्हे, हें आपल्या जुन्या लोकांनीं गृहीत धरलेलें होतें. आज आम्ही ज्या जोडप्याविषयीं लिहिणार आहों तें माणसांचें नाहीं, यंत्रांचें आहे. पण त्याच्याहि पत्रिकेंत हाच नियम आढळतो, आणि तो न कळल्यामुळें पुष्कळ घरांतून पैशाचा व त्याहून मोलाच्या वस्तूचा नाश होतो.

माइक आणि प्रीअँप हें तें जोडपें. माइक सर्वांच्या ओळखीचा आहे. सभेंत, कीर्तनांत, गणेशोत्सवांत तो नित्य दिसतो. प्रीअँप सहसा दृष्टीस पडत नाहीं. तो मिक्सरच्या पेटींत, अँप्लिफायरच्या पोटांत, अथवा संगणकास जोडावयाच्या ज्या लहानशा डबीस बाजारांत ऑडिओ इंटरफेस म्हणतात तिच्यांत लपलेला असतो. माइकाकडून आलेला अतिसूक्ष्म विद्युत्संदेश हातीं घ्यावयाचा आणि तो पुढील यंत्रांस कळेल इतका मोठा करावयाचा, एवढेंच त्याचें काम. परंतु घरांत न दिसणाऱ्या हातांवरच जसा संसार चालतो, तसा ध्वनीचा सगळा संसार या न दिसणाऱ्या यंत्रावर चालतो.

हा विषय कौटुंबिक मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ध्वनिमुद्रण ही आतां स्टुडिओंत जाऊन करण्याची गोष्ट राहिलेली नाहीं. पिंपरी-चिंचवडसारख्या शहराकडे पाहावें. पवनेच्या कांठीं श्रीमोरया गोसावींची समाधि आहे. एका अंगास देहू, दुसऱ्या अंगास आळंदी. आणि आळंदीस १९१७ सालीं विष्णुबुवा जोग यांनीं स्थापिलेली वारकरी शिक्षण संस्था. या टापूंत कीर्तन, प्रवचन, पाठ व गायन हीं पिढ्यान्पिढ्या चालत आलीं आहेत. त्याच भूमीवर १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी पिंपरीस आली, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर भोसरी-आकुर्डीचे माळ कारखान्यांनीं भरून गेले, आणि चालू शतकांत चाकणच्या परिसरांत मोटारींचे प्रचंड कारखाने उभे राहिले. अशा रीतीनें ज्या घरांतील आजोबा कीर्तनांत उभे राहत, त्याच घरांतील नातू आज चाकणला पाळीवर जातो. त्याच्या हातीं चार पैसे असतात, संगणकाची माहिती असते, आणि आजोबांचा आवाज जपून ठेवावा अशी इच्छाहि असते. तो चांगला माइक विकत आणतो, व नेमका येथेंच घोटाळा होतो.

हा घोटाळा समजण्यास माइकाचें मूळ पाहिलें पाहिजे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान हिच्या गाण्याचें मुद्रण झालें तेव्हां माइक नव्हताच. कर्ण्यांत तोंड घालून गावयाचें, आणि गळ्याच्या जोरानें सुईनें मेणांत रेघ ओढावयाची, असा तो प्रकार होता. ज्याचा आवाज बारीक, त्यास त्या कर्ण्यापाशीं स्थान नव्हतें. १९२५ च्या सुमारास विद्युतेच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण होऊं लागलें, आणि हळुवार आवाजासहि प्रथमच न्याय मिळाला.

आज गायक-वक्त्यांच्या हातीं जो दिसतो तो बहुधा डायनॅमिक जातीचा माइक होय. त्याचें तत्त्व १८३१ सालीं मायकेल फॅरडे यानें दाखविलें : तारेचें वेटोळें लोहचुंबकाजवळ हालविलें म्हणजे तारेंत विद्युत् उत्पन्न होते. माइकाच्या जाळीमागें एक पातळ पडदा असतो. त्यास बारीक तारेचें वेटोळें चिकटविलेलें असतें, आणि तें वेटोळें चुंबकाच्या फटींत असतें. आवाजानें पडदा थरथरला कीं वेटोळें हालतें व विद्युत् निघते. या तत्त्वावरचा कामाचा माइक अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या वेंट व थुरास या दोघांनीं १९३१ सालीं पुढें आणला. म्हणजे फॅरडेच्या शोधानंतर बरोबर शंभर वर्षांनीं. १९३९ सालीं शुअर कंपनीचा युनिडाइन आला. तो समोरचा आवाज घेई व पाठीमागचा पुष्कळसा टाळी. १९६६ सालीं त्याच कंपनीचा एस्. एम्. ५८ आला, तो आजहि जगभर व्यासपीठांवर दिसतो.

या जातीचा मोठा गुण म्हणजे काटकपणा. त्यास बाहेरून वीज लागत नाहीं. ओल, ऊन व धक्के तो सोसतो. त्याचा अवगुण एकच, पण तो मोठा आहे : त्याची मिळकत फार थोडी. एका ठराविक जोराच्या आवाजास, म्हणजे ९४ डेसिबेलच्या ध्वनीस, एस्. एम्. ५८ सुमारें १.८५ मिलिव्होल्ट इतका विद्युद्दाब देतो. पॉडकास्ट करणाऱ्या तरुणांत लोकप्रिय असलेला एस्. एम्. ७ बी त्याहूनहि मितभाषी. तो त्याच आवाजास १.१२ मिलिव्होल्टच देतो. उलट स्टुडिओंतील कंडेन्सर जातीचे माइक तेवढ्याच आवाजास दहा-वीस मिलिव्होल्ट सहज देतात.

शिवाय ९४ डेसिबेल हा आवाज लहान नव्हे. माणूस साधें बोलतो तेव्हां एक मीटरवर तो सुमारें ६० डेसिबेल भरतो. अंतर निम्में केलें कीं सहा डेसिबेल वाढतात. या हिशेबानें तोंडापासून चार बोटांवर माइक धरला तर सुमारें ८३ पर्यंत मजल जाते. तेवढ्यानें एस्. एम्. ५८ मधून अर्धा मिलिव्होल्ट निघेल. व्यावसायिक यंत्रांची रूढ पातळी सव्वा व्होल्टाची. म्हणजे प्रीअँपनें हा संदेश दोन-अडीच हजार पट वाढवावयाचा! संगणकास जोडण्याच्या डबीस याहून कांहींसें कमी चालतें हें खरें. तरी पण भार किती असतो तें यावरून दिसेल. यंत्रज्ञ ही वाढहि डेसिबेलांतच मोजतात : २० म्हणजे दहापट, ४० म्हणजे शंभरपट, ६० म्हणजे हजारपट. एस्. एम्. ७ बी साठीं निदान ६० डेसिबेल वाढ हवी असें त्याचे कर्तेच सांगतात. स्वस्त डब्यांतील पुष्कळ प्रीअँपांचा दम त्याच्या अलीकडेच संपतो.

वाढ अपुरी पडली तर मागाहून संगणकांत आवाज वाढवितां येईलच कीं, असें कोणी म्हणेल. येतो, पण त्याबरोबर खरखरहि तितकीच वाढते. १९२८ सालीं जॉन्सन व नायक्विस्ट या शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, कोणत्याहि तारेंत, ती नुसती पडून असली तरी, उष्णतेमुळें सूक्ष्म विद्युत्-खळबळ चालूच असते. १५० ओहमच्या वेटोळ्यांत ती एका व्होल्टच्या दशलक्षांशाच्या पाव भागाहूनहि कमी भरते. ती कोणासहि टाळतां येत नाहीं. प्रीअँप तिच्यांत आपली स्वतःची भर घालतो. चांगला प्रीअँप अगदीं थोडी घालतो, सामान्य प्रीअँप तिच्या तिप्पट-चौपट घालतो. कंडेन्सर माइकाचा संदेश मुळांतच मोठा असल्यामुळें हा फरक त्याच्यापुढें झांकून जातो. डायनॅमिक माइकाचा संदेश लहान, म्हणून याच जातीस प्रीअँपची पारख अधिक लागते. लोक मात्र उलट समजतात : माइक साधा, तेव्हां प्रीअँप कोणताहि चालेल!

आतां नाडीकडे वळूं. विद्युत्प्रवाहास जो एकंदर अटकाव होतो त्यास इंपीडन्स म्हणतात व तो ओहममध्यें मोजतात. डायनॅमिक माइकाचा हा अंक बहुधा १५० ते ३०० च्या घरांत असतो. मग प्रीअँपचाहि तेवढाच असावा, असें सहज वाटतें. जुन्या टेलिफोनच्या काळीं तशीच रीत होती. दूरवरच्या तारांतून अधिकांत अधिक शक्ति पोंचवावयाची तर दोन्हीं बाजूंस सारखाच अंक, बहुधा ६०० ओहम, ठेवीत. परंतु माइकाकडून आपणांस शक्ति नको, विद्युद्दाब हवा. दोहोंचे अंक सारखे झाले तर दाबाचा निम्मा भाग माइकांतच खर्च होतो. म्हणून प्रीअँपचा अंक माइकाच्या निदान पांचपट, शक्यतों दसपट असावा. दीड ते तीन हजार ओहमचे प्रीअँप सर्रास मिळतात, व ते योग्य होत. हाच यंत्रांतील एकनाडीचा दोष. येथें समानता नको, प्रमाण हवें.

जोडणारी तारहि पाहावी. तीन कांट्यांची एक्स. एल्. आर. तार घेतल्यास तिच्यांतील दोन तारांवर वाटेंतील विजेचा उपद्रव सारखाच बसतो आणि प्रीअँपमध्यें त्याची वजाबाकी होते. जुन्या अँप्लिफायरांस जाड एकेरी पिनेची जी तार लावीत, तींत ही सोय नसल्यामुळें लांब अंतरावर विजेची घूं घूं हटकून ऐकूं येई. ४८ व्होल्टची फँटम वीज मात्र डायनॅमिक माइकास लागत नाहीं. तार नीट असेल तर ती चालू राहिल्यानें अपायहि होत नाहीं.

येथवर दोघांचीच पत्रिका झाली. परंतु या विवाहांत तिसरें माणूस आहे, आणि तेंच मुख्य. तें म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज. देवळाच्या सभामंडपांत टिपेचा अभंग म्हणणारा गवई माइक ओठांशीं धरतो तेव्हां आवाज शंभर डेसिबेलच्या वर जातो. तेथें साधा प्रीअँपहि आरामांत काम करतो, कारण त्यास शंभरपटीच्या आसपासच वाढवावयाचें असतें. तोच माइक व तोच प्रीअँप घरीं आणून आजींच्या मंद स्वरापुढें ठेवा. सगळीं माणसें तींच, पण संसार मोडतो. म्हणून कोणता माइक चांगला, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाच्या आवाजासाठीं, किती अंतरावरून, व कोणत्या खोलींत, हें सांगितल्यावांचून त्यास उत्तर नाहीं.

आमच्या परिचयांतील चिंचवडच्या एका घरची हकीकत सांगण्याजोगी आहे. घरांतील वृद्ध गृहस्थ चौऱ्यायशीं वर्षांचे. ऐन उमेदींत गांवोगांव कीर्तनें केलेले. त्यांस पूर्वजांकडून आलेलीं कांहीं स्तोत्रें व आख्यानें तोंडपाठ होतीं, आणि तीं म्हणण्याची त्यांची घराणेदार धाटणी घरांत दुसऱ्या कोणास साधली नव्हती. नातवानें चांगल्या पैकीं डायनॅमिक माइक आणला व जवळ होती त्याच स्वस्त डबीस जोडला. दिवसा रस्त्यावरील मोटारींचा घरघराट येई, म्हणून आजोबांच्या नेहमींच्या उठण्याच्या वेळीं, पहांटे चारास, मुद्रण करावयाचें ठरलें. रस्ता शांत झाला, पंखा बंद केला. पण ऐकून पाहतां आवाजाच्या मागें पावसाच्या झिमझिमीसारखी एक सूं सूं सारखी चाललेली! दिवसा रहदारीनें जी झांकलेली होती, ती प्रीअँपची खरखर पहांटेच्या शांततेंत उघडी पडली.

या खरखरीचें नुकसान काय, तें संस्कृत जाणणाऱ्यांस विशेष समजेल. तैत्तिरीयोपनिषदाच्या शिक्षावल्लींत उच्चाराचीं वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम व संतान अशीं सहा अंगें गणिलीं आहेत. स्वर व मात्रा खरखरींतूनहि कळतात. मार बसतो तो वर्णास व बलास. विसर्ग हा मुळांत नुसता श्वास. त्याचा ध्वनि आणि यंत्राची सूं सूं हीं एकाच जातीचीं, त्यामुळें एक दुसऱ्यांत बुडून जातें. महाप्राण व्यंजनांचा श्वास, शकार-षकारांतील भेद, चरणाच्या शेवटीं उतरत जाणारा स्वर, हेंच आधीं जातें. खरखर काढून टाकण्याची साधनें संगणकांत आहेत. पण तीं जोरानें चालविलीं तर खरखरीबरोबर विसर्गहि पुसून जातो. ज्यासाठीं मुद्रण करावयाचें तेंच हातचें निसटतें.

त्या घरीं चार पहांटा अशा गेल्या. पांचव्या दिवशीं नातवाच्या कारखान्यांतील एका स्नेह्यानें एक लहानशी नळकांडी दिली. माइक व डबी यांच्यामध्यें तारेंत बसवावयाचा हा जोडवर्धक, फँटम विजेवर चालणारा, वीस-पंचवीस डेसिबेलची स्वच्छ वाढ आधींच देतो. मग डबींतील प्रीअँपवर थोडाच भार राहतो, आणि एकंदर खरखर या पहिल्या वर्धकाच्या गुणावर ठरते. पुढील सात पहांटांचें मुद्रण निर्मळ उतरलें, विसर्गासकट. परंतु पावसाळ्यांत वृद्धांस दम्यानें घेरलें, व पहिल्या चार दिवसांचीं आख्यानें पुन्हां म्हणणें त्यांस झालें नाहीं. तीं आहेत तशींच, खरखरींतून, राहिलीं. यंत्राची उणीव पुढें भरून निघाली; गेलेला दम भरून आला नाहीं.

यावरून कोणी उठून महागडा प्रीअँप आणूं नये, म्हणून एक हिशेब देतों. सामान्य प्रीअँपची खरखर, एस्. एम्. ७ बी सारख्या मितभाषी माइकासह, सुमारें ३१ डेसिबेलच्या बाहेरील आवाजाइतकी भरते. उत्तम प्रीअँपची २३ च्या आसपास. आतां पुणें-नाशिक रस्त्यालगत मोशीच्या एखाद्या सदनिकेंत दिवसा खोलीचाच आवाज चाळिसाच्या खालीं क्वचित् जाईल. एकदिश माइक त्यांतला चार-पांच डेसिबेल टाळील. तरी जें उरतें तें सामान्य प्रीअँपच्या खरखरीहून मोठेंच. अशा खोलींत उंची प्रीअँप आणणें म्हणजे गळक्या घागरींत केशरी दूध भरणें. तेथें प्रथम खिडकी लावावी, पंखा थांबवावा, जाड पडदे व गाद्या यांचा आडोसा करावा, माइकाची पाठ रस्त्याकडे ठेवावी, आणि चार बोटांवर बोलावें. डायनॅमिक माइक दूरचा गोंगाट ऐकतच नाहीं, ही समजूत खोटी आहे. तो जवळ धरतात म्हणून बोलणें मोठें व गोंगाट लहान होतो, एवढेंच. फार जवळ गेल्यास खर्जाचा भाग फुगतो, तेव्हां माइक किंचित् मागें धरावा. हें सर्व करून खोली खरीच शांत झाली, तरच पैसा प्रीअँपकडे वळवावा.

खरखर खोलीची कीं यंत्राची, हें ओळखण्याची युक्ति घरच्या घरीं होते. बोलण्यास जितका गेन लागतो तितकाच ठेवावा, कोणीहि न बोलतां अर्धा मिनिट मुद्रण करावें, आणि कानांस हेडफोन लावून ऐकावें. पंखा, रस्ता, शेजारचा नळ ऐकूं आला तर दोष खोलीचा. माइक उशांखालीं दडपून पुन्हां केल्यावरहि सूं सूं तशीच राहिली, तर दोष प्रीअँपचा. आणि मुख्य मुद्रणाच्या वेळीं गेन असा ठेवावा कीं, सर्वांत मोठ्या स्वराससुद्धां मापकाचा कांटा शून्याच्या दहा-बारा डेसिबेल खालींच थांबावा. शून्यास टेकलेला स्वर फाटतो, व फाटलेला स्वर शिवतां येत नाहीं.

विकत घेतांना दुकानदारास माइकाचें नांव विचारून थांबूं नये. माइकाची मिळकत किती मिलिव्होल्ट, प्रीअँपची कमाल वाढ किती डेसिबेल, त्याची स्वतःची खरखर किती, आणि त्याचे ओहम माइकाच्या किती पट, हे चार प्रश्न पुरेत. चार गुण जुळले तर साधारण किंमतीचें जोडपेंहि सुखानें नांदतें. न जुळले तर उंची माइकाचें नांव नुसतें कपाटांत शोभेस राहतें.

एक गोष्ट मात्र या सर्वांच्या वर ठेवावी. यंत्रें जुळेपर्यंत वाट पाहूं नये. आजोबा-आजींचा आवाज आज सुस्थितींत असेल तर आज रात्रींच, खिडकी लावून, हातांतल्या मोबाइलवर तो घेऊन ठेवावा. चांगलें यंत्र पुढील महिन्यांत येईल तेव्हां पुन्हां घ्यावा. विवाहाचा मुहूर्त टळला तर पुढचा निघतो. आवाजाच्या बाबतींत पंचांगाचा भरंवसा धरतां येत नाहीं.